सरकारचा वकील, कायद्याचा पाईक : महान्यायवादी आणि महाधिवक्ता यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

कायदा आणि राज्यकारभार यांना वाहिलेल्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच पदाविषयी आहेत. केंद्र सरकारचा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे भारताचा महान्यायवादी, ज्याला वर्तमानपत्रे बहुधा अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात, आणि राज्य सरकारसाठी तेच काम करणारा महाधिवक्ता, हा त्या पत्रांचा विषय आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : सरकारकडे विधी मंत्री असतो, विधी सचिव असतो, शिवाय महान्यायवादी आणि सॉलिसिटर जनरलही असतात. कायद्याची एवढी जाणती माणसे कशासाठी आणि त्यांत अंतिम शब्द कोणाचा? – एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : या चौघांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची अधिकारस्थानेही वेगळी आहेत. विधी मंत्री हा लोकप्रतिनिधी आणि मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. तो स्वतः कायदेपंडित असलाच पाहिजे, असा नियम नाही. विधी सचिव हा मंत्रालयाचा प्रशासकीय प्रमुख असतो आणि विविध खात्यांकडून येणाऱ्या दैनंदिन शंकांना त्याचा विभाग उत्तरे देतो. महान्यायवादी मात्र मंत्रीही नाही आणि नोकरशहाही नाही. तो वकील आहे, त्याची निवड सरकार करते, पण त्याचे पद थेट संविधानाने निर्माण केले आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ७६ नुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची महान्यायवादी म्हणून नेमणूक करतात. ही पात्रता अनुच्छेद १२४ मध्ये दिली आहे : भारताचे नागरिकत्व, आणि त्याबरोबर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून पाच वर्षे किंवा उच्च न्यायालयातील वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव, अथवा राष्ट्रपतींच्या मते विख्यात असलेला कायदेपंडित असणे. राष्ट्रपती हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात, त्यामुळे प्रत्यक्षात निवड सत्तेवरील सरकारचीच असते. भारत सरकारला कायदेविषयक सल्ला देणे, राष्ट्रपतींनी सोपवलेली कायदेशीर स्वरूपाची इतर कामे करणे आणि संविधानाने किंवा अन्य कायद्याने नेमून दिलेली कर्तव्ये पार पाडणे, अशी त्याच्या कामाची त्रिविध व्याख्या तेथे केलेली आहे. ही कर्तव्ये पार पाडण्यासाठी त्याला भारताच्या हद्दीतील प्रत्येक न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क आहे. राष्ट्रपतींनी एखादा प्रश्न अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठवला, तर तेथेही केंद्र सरकारची बाजू मांडण्याची मुख्य जबाबदारी त्याचीच असते.

सॉलिसिटर जनरल आणि अतिरिक्त सॉलिसिटर जनरल ही पदे संविधानात नाहीत. १९८७ साली केलेल्या सेवाशर्तीच्या नियमांनुसार ती चालतात आणि महान्यायवादीच्या कामात साहाय्य करणे हे त्यांचे काम आहे. सरकारचे खटले इतके असतात, की एका माणसाने ते लढवणे अशक्य आहे, आणि म्हणून रोज बातम्यांत दिसणारा चेहरा बरेचदा सॉलिसिटर जनरलचा असतो. ज्येष्ठतेबाबत मात्र संदिग्धता नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने न्यायालयात कोणाचे म्हणणे आधी ऐकावे याचा क्रम ठरवून दिला आहे. त्यात सर्वांत वर महान्यायवादी, मग सॉलिसिटर जनरल, त्यानंतर अतिरिक्त सॉलिसिटर जनरल आणि त्यांच्याखाली राज्यांचे महाधिवक्ते येतात.

आता अंतिम शब्दाविषयी. कायदा काय सांगतो, याबाबत सरकारच्या आतला सर्वांत वजनदार शब्द महान्यायवादीचा असतो. काय करायचे, हा निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. आणि जे केले ते कायद्यात बसते की नाही, हे न्यायालय ठरवते. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की या पदाविषयीचे बहुतेक गैरसमज तयार होतात.

प्रश्न : सरकारची भूमिका चुकीची आहे, असे महान्यायवादीला मनापासून वाटले, तर त्याने काय करायचे? अशिलाशी इमान राखायचे की संविधानाशी? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आहेत. – कायद्याच्या तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : आपल्या वर्गात दोन तट पडले, हे मला स्वाभाविक वाटते, कारण या पदाचा सगळा पेच याच प्रश्नात आहे आणि संविधानाने तो शब्दांत सोडवलेला नाही. अनुच्छेद ७६ त्याला सल्लागार करतो, स्वतंत्र न्यायाधीश करत नाही. त्याचे पद राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंतच टिकते. न्यायाधीशाला किंवा नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पदावरून दूर करण्यासाठी संसदेत जी कठीण प्रक्रिया पार पाडावी लागते, तिचे संरक्षण महान्यायवादीला नाही. म्हणजे ज्याने सरकारला नकार द्यायचा, त्याला घरी पाठवण्याचा अधिकार सरकारच्याच हाती आहे. त्यामुळे स्वातंत्र्य जपायचे की नाही, हे शेवटी त्या पदावरील व्यक्तीवर येऊन ठेपते, आणि म्हणूनच उदाहरणांतून बोलणे मला अधिक योग्य वाटते.

पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड हे १९५० पासून १९६३ पर्यंत, म्हणजे इतर कोणाहीपेक्षा अधिक काळ, या पदावर राहिले. त्याआधी मुंबई प्रांताचे महाधिवक्ता असताना त्यांनी १९४२ साली राजीनामा दिला होता. १९५८ च्या प्रारंभी मुंधडा प्रकरण गाजत होते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते आणि ही गुंतवणूक कोणाच्या सांगण्यावरून झाली, याच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. या आयोगाला साहाय्य करण्यासाठी उभे राहिले ते खुद्द महान्यायवादी सेटलवाड. केंद्रीय अर्थमंत्री आणि अर्थसचिव यांची वागणूक ज्या चौकशीत तपासली जात होती, तिच्यात सरकारचा सर्वोच्च वकील मंत्र्यांचा बचाव करण्याऐवजी सत्य बाहेर काढण्याच्या कामी लागला. आयोगाचे कामकाज उघडपणे, लोकांसमोर चालले आणि अहवालानंतर टी. टी. कृष्णमाचारी यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. सरकारचे हित आणि मंत्र्याचे हित एकच नसते, हे या पदाच्या पहिल्याच धारकाने दाखवून दिले, ही मला आपल्या प्रजासत्ताकाची मोठी कमाई वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाला १९७६ चे उदाहरण आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना हेबिअस कॉर्पसची, म्हणजे अटकेतील व्यक्तीला न्यायालयापुढे आणून अटकेची वैधता तपासण्याची मागणी करणारी, याचिका करता येते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकता येतात, असे ठरवले होते. सरकारच्या वतीने महान्यायवादी निरेन डे यांनी उलट बाजू मांडली. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी त्यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला, तर काही उपाय आहे का? डे यांनी आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहून, आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती खन्ना होते. हा निकाल पुढे २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच चुकीचा ठरवून रद्द केला. डे यांनी न्यायाधीशांची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी म्हणूनच आपल्या युक्तिवादाचे भयंकर टोक मुद्दाम उघड केले, असेही एक मत मांडले गेले आहे. ते खरे असेल तर त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे, कारण त्यांनी आपल्या भूमिकेचा परिणाम लपवला नाही. तरीही मला असे वाटते, की ज्या क्षणी हे उत्तर द्यावे लागले, त्या क्षणाच्या पुष्कळ आधी, सरकारच्या कार्यालयात, हा युक्तिवाद मी करणार नाही, असे म्हणण्याची संधी महान्यायवादीला होती. त्याच सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच राजीनामा दिला होता.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. कायद्याच्या दोन वाजवी अर्थांपैकी सरकारला अनुकूल असलेला अर्थ न्यायालयापुढे जोराने मांडणे, हे महान्यायवादीचे कर्तव्य आहे आणि त्याचे वैयक्तिक मत वेगळे असले तरी त्यात अप्रामाणिकपणा नाही. न्यायालयापासून वस्तुस्थिती लपवणे, प्रतिकूल निवाडा माहीत असून तो न सांगणे किंवा ज्याला कायद्याचा कोणताही आधार नाही असा दावा करणे, हे मात्र त्याने कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. मतभेद झाल्यास आधी लेखी, स्पष्ट अभिप्राय द्यावा, तो मानला गेला नाही तर त्या खटल्यातून बाजूला व्हावे, आणि मूलभूत बाबतीत ऐकलेच जात नसेल तर पद सोडावे. ही क्रमवारी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, पण या पदाची प्रतिष्ठा ज्यांनी वाढवली, त्यांच्या वागण्यातून ती दिसते.

महान्यायवादी न्यायालयालाही सावधतेचा सल्ला देऊ शकतो, हे येथे नोंदवले पाहिजे. २०२० साली ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन अवमानाबद्दल दोषी ठरवले, तेव्हा महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी त्यांना शिक्षा करू नये, अशी विनंती न्यायालयाला केली. शेवटी एक रुपया दंडावर ते प्रकरण संपले.

प्रश्न : महान्यायवादीचे मत सरकारवर बंधनकारक असते का? आणि ते मत माहितीच्या अधिकाराखाली मला मिळू शकेल का? – माहिती अधिकार कार्यकर्ता

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे. अभिप्राय हा अभिप्रायच असतो आणि सरकार तो बाजूला ठेवू शकते. अर्थात, प्रतिकूल मत फाइलवर असताना उलट निर्णय घेणाऱ्या मंत्र्याला पुढे त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि हे ओझे कमी नसते. म्हणूनच काही वेळा मत विचारण्याचेच टाळले जाते, किंवा निर्णय घेऊन झाल्यावर त्याला आधार म्हणून मत मागितले जाते. या दुसऱ्या प्रकारात पदाची सर्वांत मोठी हानी होते, असे मी मानतो, कारण मग सल्लागाराला फक्त समर्थक होण्याचे काम उरते. विधेयक तयार होण्यापूर्वी, करार करण्यापूर्वी, अध्यादेश काढण्यापूर्वी विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न असतो.

केंद्राच्या नियमांत आणखी एक पथ्य आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. कोणतेही मंत्रालय किंवा सार्वजनिक उपक्रम विधी अधिकाऱ्याकडे थेट जाऊन मत मागू शकत नाही. विचारणा विधी व न्याय मंत्रालयामार्फतच यावी लागते. आपल्याला हवे तेच मत मिळवण्यासाठी प्रत्येक खात्याने स्वतंत्रपणे दार ठोठावू नये आणि सरकारने कायद्याविषयी एका आवाजात बोलावे, हा त्याचा उपयोग.

माहितीच्या अधिकाराविषयी. महान्यायवादीचे कार्यालय हे ‘सार्वजनिक प्राधिकरण’, म्हणजे माहिती अधिकाराचा कायदा लागू असलेली संस्था, आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१५ मध्ये म्हटले होते. खंडपीठाने २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला. महान्यायवादीचे मुख्य काम सल्ला देण्याचे आहे आणि त्याचे सरकारशी असलेले नाते विश्वासाचे आहे, यावर खंडपीठाचा भर होता. त्यामुळे थेट त्या कार्यालयाकडे अर्ज करून आपल्याला उत्तर मिळणार नाही. संबंधित मंत्रालयाकडे अर्ज करता येतो, परंतु तेथेही वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचा आक्षेप येण्याची तयारी ठेवावी.

ही गोपनीयता मला तत्त्वतः मान्य आहे, कारण सल्ला उद्या छापून येईल या भीतीने सल्लागार मोघम लिहू लागला, तर सल्ल्याचा उपयोगच संपतो. पण तिची किंमतही मोठी असू शकते. ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ रोजी पंतप्रधानांना इराकविरुद्धच्या युद्धाच्या कायदेशीरपणाविषयी सविस्तर आणि शंका नोंदवणारे मत दिले होते. दहा दिवसांनी संसदेसमोर जे संक्षिप्त उत्तर आले, त्यात त्या शंका नव्हत्या. संपूर्ण मत लोकांना वाचायला मिळाले ते २००५ मध्ये, युद्ध सुरू होऊन दोन वर्षे झाल्यावर. देशाला युद्धात नेणारा निर्णय ज्या मतावर उभा असतो, ते मत लोकप्रतिनिधींपासून पूर्ण झाकून ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. ज्या सल्ल्याचा आधार सरकार स्वतःच जाहीरपणे घेते, त्याचा पूर्ण मजकूर संसदेपुढे ठेवावा, एवढा संकेत आपल्याकडेही रुजायला हवा.

प्रश्न : महान्यायवादी संसदेत बसू शकतो, असे वाचले. मग तो मतदानही करतो का? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

उत्तर : नाही. अनुच्छेद ८८ नुसार त्याला दोन्ही सभागृहांत, संयुक्त बैठकीत आणि ज्या संसदीय समितीवर त्याचे नाव घातले असेल तिच्यात बोलण्याचा व कामकाजात भाग घेण्याचा हक्क आहे, मताचा नाही. राज्याच्या महाधिवक्त्याला विधिमंडळात असाच हक्क अनुच्छेद १७७ ने दिला आहे. तेथे बोलताना सदस्यांना असलेले विशेषाधिकार त्यांनाही लागू होतात. हा हक्क क्वचितच वापरला जातो.

प्रश्न : महान्यायवादी खासगी पक्षकारांचे खटले घेऊ शकतो का? घेत असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष होत नाही का? – एक वाचक

उत्तर : तो पूर्णवेळ सरकारी नोकर नसतो, म्हणून वकिली पूर्णपणे बंद होत नाही. पण १९८७ च्या नियमांनी त्याच्यावर पुष्कळ बंधने घातली आहेत. भारत सरकारविरुद्ध तो कोणाला सल्ला देऊ शकत नाही. सरकार, विद्यापीठे, स्थानिक संस्था अशा ठरावीक पक्षकारांखेरीज इतरांची वकीलपत्रे तो सामान्यतः घेऊ शकत नाही. सरकारच्या परवानगीशिवाय त्याला फौजदारी खटल्यात आरोपीचा बचाव करता येत नाही किंवा कोणत्याही कंपनीत पद स्वीकारता येत नाही. ही बंधने आवश्यक आहेतच, परंतु परवानगी देणारेही सरकारच असल्यामुळे, कोणत्या प्रकरणांत अशी परवानगी दिली गेली, हे वेळोवेळी जाहीर व्हावे, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

प्रश्न : राज्याच्या महाधिवक्त्याविषयी क्वचितच लिहिले जाते. त्याला निवृत्तीचे वय असते का? सरकार बदलले की त्याने राजीनामा देणे बंधनकारक आहे का? – जिल्हा न्यायालयात वकिली करणारे एक वाचक

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. सामान्य माणसाच्या जगण्याला भिडणारे बहुतेक विषय, म्हणजे जमीन, पोलीस, शिक्षण, स्थानिक स्वराज्य, हे राज्याच्या अखत्यारीत असताना त्या सरकारला कायदा सांगणाऱ्या माणसाकडे आपले लक्ष कमी जाते. अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची महाधिवक्ता म्हणून नेमणूक करतात आणि तो राज्यपालांची मर्जी असेतोपर्यंत पदावर राहतो.

वयाचा प्रश्न आपल्याच भागातून न्यायालयात गेला होता, हे आपल्याला वाचून आवडेल. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, तर मग त्याहून अधिक वयाची व्यक्ती महाधिवक्ता होण्यास पात्र कशी, असा आक्षेप तत्कालीन मध्य प्रदेशाचे (नागपूर तेव्हा त्याच राज्यात होते) महाधिवक्ता टी. एल. शेवडे यांच्या नेमणुकीवर घेतला गेला. नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो फेटाळला. न्यायाधीशाची वयोमर्यादा ही त्याच्या कार्यकाळाची अट आहे, पात्रतेची नाही, आणि महाधिवक्त्याच्या कार्यकाळाची वेगळी तरतूद संविधानात आहे, हा त्यामागचा विचार होता. अनेक वर्षांनी उत्तराखंडातून हाच आक्षेप पुन्हा आला, तेव्हा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न कधीच मिटलेला आहे, असे सांगून याचिका करणाऱ्यांवर एक लाख रुपयांचा खर्चही बसवला. सेटलवाड स्वतः महान्यायवादी झाले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ज्या वयात निवृत्त होतात त्या वयाचे.

राजीनाम्याविषयी लेखी बंधन नाही, संकेत आहे. नवे सरकार आले की विधी अधिकारी सहसा राजीनामा देतात, म्हणजे सरकारला आपल्या विश्वासातला माणूस निवडता येतो. या संकेताची चांगली बाजू मला दिसते, पण एक धोकाही दिसतो. महाधिवक्ता हा पक्षाचा माणूस आहे, असे एकदा गृहीत धरले गेले, की त्याच्या मतालाही लोक पक्षाचेच मत समजू लागतात. आधी मुंबई राज्याचे आणि नंतर महाराष्ट्राचे महाधिवक्तापद एच. एम. सीरवाई यांनी १९५७ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे अनेक मुख्यमंत्री बदलले तरी, सांभाळले. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे त्यांनी केरळ सरकारची बाजू मांडली, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, असे प्रतिपादन केले, आणि २४ एप्रिल १९७३ च्या निकालात ते बहुमताला पटले नाही. पुढे आपल्या लेखनात त्यांनी मूलभूत चौकटीच्या सिद्धांताविषयीचे, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही संविधानाचा गाभा बदलता येत नाही या त्या निकालातील तत्त्वाविषयीचे, मत बदलले. न्यायालयात मांडलेली बाजू आणि अभ्यासकाचे स्वतःचे मत यांत अंतर असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आठवत नाही.

सरकार न बदलताही पद सुटू शकते. मार्च २०१६ मध्ये श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र विदर्भ आणि मराठवाडा यांविषयीच्या आपल्या वक्तव्यांवरून उठलेल्या वादळानंतर महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला. संविधानिक पदावरील व्यक्तीने राजकीय प्रश्नांवर जाहीरपणे किती बोलावे, यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. माझे मत असे, की महाधिवक्त्याला स्वतःचे विचार असण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र ज्या सरकारची बाजू त्याला उद्या न्यायालयात मांडायची आहे, त्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध त्याने व्यासपीठावरून बोलले तर दोन्ही ठिकाणी त्याच्या शब्दाचे वजन घटते.

प्रश्न : इतर देशांत हा अधिकारी मंत्रीच असतो, असे ऐकले. मग आपली पद्धत चांगली की त्यांची? – एक वाचक

उत्तर : ब्रिटनमध्ये अ‍ॅटर्नी जनरल हा मंत्री असतो आणि संसदेच्या एका सभागृहाचा सदस्य असतो. अमेरिकेत हे पद १७८९ च्या कायद्याने निर्माण झाले. तेथे तो न्याय खात्याचा प्रमुख आणि राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाचा सदस्य असतो, तपास आणि अभियोग या दोन्हींवर त्याचे नियंत्रण असते, आणि सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडण्याचे काम मुख्यतः सॉलिसिटर जनरल करतो. आपल्याकडे अभियोग चालवण्याची यंत्रणा महान्यायवादीच्या हाताखाली नाही, आणि कोणावर खटला भरायचा हे तो ठरवत नाही. मला हे विभाजन हितकारक वाटते. ज्याच्या हाती खटला भरण्याची किंवा मागे घेण्याची सत्ता असते, त्याच्यावरचा राजकीय दबाव कितीतरी पटींनी वाढतो. ब्रिटनमध्ये १९२४ साली एका संपादकावरचा खटला मागे घेण्याच्या निर्णयावरून मजूर पक्षाचे पहिले सरकार कोसळले. अमेरिकेत ऑक्टोबर १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणाऱ्या विशेष अभियोक्त्याला काढून टाकण्याचा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश पाळण्यास नकार देऊन अ‍ॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या उपप्रमुखांनीही तेच केले, आणि अखेर सॉलिसिटर जनरलने तो आदेश अमलात आणला. मंत्रिपदामुळे जबाबदारी संसदेपुढे किंवा लोकांपुढे अधिक स्पष्ट होते, हे मान्य. पण कायद्याचा सल्ला देणारा माणूस निवडणुकीच्या गणितापासून दूर असावा, या आपल्या पद्धतीच्या बाजूने मी आहे.

प्रश्न : सामान्य नागरिकाचा या अधिकाऱ्यांशी थेट संबंध येतो असा एखादा प्रसंग आहे का? समाजमाध्यमांवर न्यायालयाविरुद्ध अत्यंत घाणेरडा मजकूर मी पाहिला आणि त्यावर कारवाई व्हावी असे वाटते. – एक गृहिणी

उत्तर : आहे, आणि आपले उदाहरण नेमके त्याच प्रकारचे आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमातील कलम १५ नुसार फौजदारी अवमानाची, म्हणजे न्यायालयाची बदनामी करणे किंवा न्यायदानात अडथळा आणणे याबद्दलची, कारवाई न्यायालय स्वतःहून सुरू करू शकते. खासगी व्यक्तीला मात्र त्यासाठी आधी लेखी संमती घ्यावी लागते. अवमान सर्वोच्च न्यायालयाचा असेल तर महान्यायवादी किंवा सॉलिसिटर जनरल यांची, उच्च न्यायालयाचा असेल तर महाधिवक्त्याची. रागाच्या भरात किंवा प्रसिद्धीसाठी कोणीही उठून न्यायालयाचा वेळ घेऊ नये आणि टीकेचे स्वातंत्र्य गुदमरू नये, म्हणून ही चाळणी आहे. ती केवळ औपचारिक नाही. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या १९९६ मधील भाषणावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली, ती याचिका महाधिवक्त्याच्या संमतीविना चालवली गेली या कारणावरून.

अर्ज करताना आक्षेपार्ह मजकूर जसाच्या तसा, तारखेसह जोडावा आणि तो कायद्यातील फौजदारी अवमानाच्या व्याख्येत कसा बसतो, हे थोडक्यात लिहावे. निकालावरची कठोर पण प्रामाणिक टीका अवमान ठरत नाही, हे आधी स्वतःशी तपासून पाहावे. के. के. वेणुगोपाल यांनी आपल्या कारकिर्दीत अशा अर्जांवर काही वेळा संमती दिली आणि काही वेळा कारणे देऊन नाकारली. घटना घडल्यापासून एक वर्षानंतर कारवाई सुरू करता येत नाही, म्हणून उशीर करू नये. न्यायालयाचा आदेश कोणी मुद्दाम मोडला असेल तर तो दिवाणी अवमान होय आणि त्याला या संमतीची गरज नसते. मजकूर जिल्हा किंवा तालुका न्यायालयाविरुद्ध असेल, तर त्या न्यायालयाने पाठवलेल्या संदर्भावर किंवा महाधिवक्त्याच्या अर्जावर उच्च न्यायालय दखल घेते. तेव्हा आपले निवेदन महाधिवक्त्याच्या कार्यालयाकडे पाठवावे.

अवमानाखेरीज आणखी एक मार्ग आहे. सार्वजनिक उपद्रवाबद्दल, म्हणजे सार्वजनिक रस्ता अडवणे किंवा वस्तीचे पाणी दूषित करणे अशा बाबतीत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली महाधिवक्ता दावा लावू शकतो, किंवा न्यायालयाच्या परवानगीने दोन अथवा अधिक नागरिकही तो लावू शकतात, आणि त्यांचे स्वतःचे वेगळे नुकसान झाल्याचे दाखवावे लागत नाही. सार्वजनिक न्यासांविषयीचे (ट्रस्टविषयीचे) असेच अधिकार कलम ९२ ने महाधिवक्त्याला दिले आहेत. महाराष्ट्रात मात्र १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यामुळे ते कलम अशा न्यासांना लागू होत नाही आणि हितसंबंधी व्यक्तींना दाव्यासाठी धर्मादाय आयुक्तांची संमती घ्यावी लागते.